छाटलेल्या वेलींचं कडं

द्राक्षवेल छाटली की तिच्या बुडाशी काड्यांचा केवढा तरी ढीग पडतो. मागच्या हंगामात वाढलेल्या लाकडापैकी कित्येकदा 80-90 टक्के लाकूड या छाटणीत जातं, कारण पुढच्या फळासाठी वेलीवर मोजकेच डोळे ठेवायचे असतात. हा ढीग बहुधा जाळला जातो, नाहीतर कुठेतरी कुजत पडतो. मी मात्र छाटणीची वाट बघत असते ती या ढिगासाठीच. त्यातल्या निवडक काड्या घेऊन मी सजावटीची कडी वळते आणि त्यांच्यावर वाळलेली फुलं, शेंगा, गवताचे तुरे बांधते.

कडं बघणाऱ्याची नजर आधी फुलांवर जाते. फुलं कुठली, रंग इतका कसा टिकला, असे प्रश्न येतात. मला विचाराल तर या कामाचा जीव कड्यात आहे, फुलांत नाही. काहीही न बांधलेलं, नुसतं कडं भिंतीवर अडकवलं तरी बघत राहावंसं वाटलं पाहिजे. ते तसं व्हायला एक गोष्ट पाळावी लागते. काडी जिकडे वळू बघते तिकडे तिला वळू द्यायचं. माप आपलं, वळण तिचं. हे हाताला कळायला वेळ लागतो, पण एकदा कळलं की काड्या मोडणं जवळजवळ थांबतं.

ढिगापाशी बसून मी आधी निवडायला घेते. गेल्या हंगामात फुटून पक्व झालेली काडी तांबूस तपकिरी असते, साल अंगाला घट्ट चिकटलेली आणि तिच्यावर उभ्या बारीक रेघा. जाडी 6 ते 10 मिलिमीटर असली की उत्तम. ओलांड्याचे, म्हणजे वेलीच्या कायम राखलेल्या आडव्या फांदीचे, जुने तुकडे, साल पट्ट्यापट्ट्यांनी सुटलेले, दिसायला फार देखणे असतात, पण ते वळत नाहीत. ते मी सरळ बाजूला ठेवते. काडीच्या शेंड्याकडचा हिरवट, अर्धपक्व भागही छाटून टाकते. ओला असताना तो सगळ्यात सहज वळतो आणि म्हणूनच फसवतो. वाळला की सुरकुततो, ठिसूळ होतो आणि कड्यातून त्याचे तुकडे गळायला लागतात. बगलफुटी, म्हणजे काडीच्या बाजूला फुटलेल्या बारीक फांद्या, सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने) अंगालगत कापते. लांबी दीड ते अडीच मीटर मिळाली तर आनंदच.

बाळ्या, म्हणजे आधार धरायला वेलीला फुटणारे दोऱ्यासारखे तंतू, मात्र मी एकही कापत नाही. ज्या बाळीला आधार सापडला नाही ती बहुतेक वेळा सुकून गळून गेलेली असते. जिला तार किंवा शेजारची काडी मिळाली ती तिच्याभोवती वेटोळी घालते आणि मग लाकडासारखी कडक होते. आपल्या हाती येते ती ही दुसरी. एकदा निवांत बसून एखादी बाळी डोळ्यांजवळ धरून बघा. मधेच तिच्या पिळाची दिशा उलटलेली दिसेल. दोन्ही टोकं बांधलेली असताना पीळ घालायचा तर त्याला वाटेत एकदा तरी उलटावंच लागतं, म्हणून तसं होतं. सुकलेली बाळी नुसत्या धक्क्याने तुटते, ओली असताना तिला स्प्रिंगसारखा ताण सोसतो. म्हणून कडं वळताना ती कुठे अडकत नाही ना, हे बघत बघत हात चालवावा लागतो. बाळ्या कड्याच्या बाहेरच्या अंगाला आल्या की दुसरी काही सजावट न करताही कडं सजतं.

पानं गळून वेल सुप्त असताना छाटलेली काडी कामाला सगळ्यात चांगली. डोळे फुटायच्या जरा आधी छाटली तर कापलेल्या टोकातून पाणी ठिबकत राहतं. मुळांच्या दाबाने वर चढणारा रस असतो तो. वेलीला त्याने सहसा काही होत नाही. छाटल्यावर पहिले काही दिवस काडी तशीच वळते. त्यानंतर ती भिजवावी लागते, आणि भिजवण्याआधी धुवावी लागते. हे धुणं टाळू नये. द्राक्षवेलीवर फवारण्या झालेल्या असतात. काडीवर निळसर पांढरा थर दिसला तर तो बहुधा बोर्डो मिश्रणाचा, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा असतो. फ्रान्समधल्या बोर्डोचे वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांनी 1885 मध्ये केवडा रोगावरचा उपाय म्हणून ते जाहीर केलं आणि बागांमध्ये ते अजून चालतं. मी हातमोजे घालून, जुन्या ब्रशने घासून काड्या धुते. धुतल्यावर सालीचा खरा रंग वर येतो, तोही एक फायदाच.

भिजवायला मोठा टब लागतो. काड्यांची सैल गुंडाळी करून ती पाण्यात बुडवायची, वर वजन ठेवायचं आणि रात्रभर सोडून द्यायचं. गरम पाणी घेतलं तर काही तासांत काम होतं. सुक्या लाकडाच्या पेशीभित्तिकांमध्ये लिग्निन नावाचं द्रव्य असतं, लाकडाचा कडकपणा बराचसा त्याच्यामुळे. पाणी आणि उष्णता मिळून त्याला मऊ करतात. वेलीच्या लाकडाला पाणी झटकन मिळतंही, कारण वेलींच्या जलवाहिन्या झाडांच्या मानाने रुंद असतात. द्राक्षाची काडी आडवी कापून टोक उजेडात धरलं तर ती बारीक छिद्रं नुसत्या डोळ्यांना दिसतात.

आता वळण. काडीचं जाड टोक मुठीत धरून ती हवेत लोंबू द्यायची. ती एका बाजूला कलते, आणि तीच तिची वळायची बाजू. वेलीवर ती तशीच वाढलेली असते. त्या बाजूने वळवली तर ती हातात राहते, उलट वळवली तर कुरकुरते. मग दोन्ही अंगठे एकमेकांजवळ ठेवून, मागून बोटांचा आधार देत, बुडापासून शेंड्यापर्यंत काडीला थोडा थोडा बाक देत जायचं. सगळा बाक एकदम एका जागी द्यायचा नाही. डोळ्यापाशी काडी कडक असते, तिथे आतला गाभा आडव्या पडद्याने बंद झालेला असतो. वाकते ती पेरात. म्हणजे नीट बघितलं तर आपलं वर्तुळ हे छोट्या छोट्या बाकांचं आणि मधल्या सरळ गाठींचं बनलेलं असतं. यंत्रावर केलेल्या कड्यात हे कधी येत नाही, आणि मला तर नेमकं तेच हवं असतं.

वाकवताना आवाजाकडे कान ठेवावा. बारीक चुरचुर आली तर ती सालीची, तिची काळजी नको. कोरडा, खालच्या सुरातला 'कट' आला की तिथेच थांबायचं, काडी पुन्हा पाण्यात. ओलं लाकूड दाब बराच सोसतं, ताण तेवढा सोसत नाही. त्यामुळे तडा नेहमी बाकाच्या बाहेरच्या अंगाला सुरू होतो. हे लक्षात आल्यापासून मी बगलफूट कापल्याची खूण किंवा सालीवरची जखम कड्याच्या आतल्या बाजूला येईल अशीच काडी फिरवून घेते. कामात एवढाच बदल केला, पण मोडतोड खूप कमी झाली.

आतला व्यास 30 सेंटिमीटर धरला तर घेर साधारण 94 सेंटिमीटरचा होतो, म्हणजे दोन मीटरची काडी दोनदा फिरते. पहिल्या काडीचं जाड टोक आत दाबून धरायचं, एक वर्तुळ पूर्ण करायचं आणि उरलेला भाग त्याच वर्तुळाभोवती सैल पिळत न्यायचा. दुसरी काडी पहिलीच्या बुडापासून एक तृतीयांश घेर पुढे सुरू करायची, तिसरी आणखी तेवढीच पुढे. जाड बुडखे एकाच ठिकाणी आले तर कडं तिथे फुगतं, आणि पुढे कितीही काड्या घातल्या तरी तो फुगवटा झाकला जात नाही. सगळ्या काड्या एकाच दिशेने पिळायच्या. शेवटची टोकं आधीच्या दोन काड्यांच्या फटीत खोचली की आपापल्या ताणाने बसतात, तार लागत नाही. मी आठ-दहा काड्यांवर थांबते. आणखी घालता येतात, पण मग कडं ठोकळा होतं आणि काड्यांमधून पलीकडचं दिसेनासं होतं. ती फट मला मोलाची वाटते.

वळून झालेलं कडं चार ठिकाणी कापडाच्या पट्टीने बांधते, सपाट फळीवर ठेवून वर दुसरी फळी ठेवते आणि सावलीत, वाऱ्याला वाळू देते. फळी नसली तर वाळताना कड्याला पीळ पडतो आणि मग ते भिंतीला टेकत नाही. उन्हात घाई करू नये, साल तडकते. हवेप्रमाणे आठवडा ते दोन आठवडे जातात. या काळात एक मजेची गोष्ट घडते. लाकूड वाळताना आडवं आक्रसतं, लांबीत जवळजवळ नाही. त्यामुळे कड्याचा व्यास जिथल्या तिथे राहतो, पण प्रत्येक काडी थोडी बारीक होते आणि ओलं असताना घट्ट वाटणारं सगळं सैल होतं. म्हणून फुलं बांधायची ती पूर्ण वाळलेल्या कड्यावरच. ओल्यावर बांधलेली तार पुढे घसरत राहते.

इतर वेलींचं थोडक्यात सांगते. विस्टेरियाची काडी लांब, चिवट, कड्याला फार चांगली. हनीसकल बारीक कड्यांना उत्तम. मधुमालतीची जून काडी मजबूत असते, पण गळलेल्या पानांचे देठ तिच्यावर काट्यांच्या रूपाने उरतात, ते आधी खरवडावे लागतात. बोगनवेलीच्या काट्यांशी मी झगडत नाही. गुळवेल कापल्यावरही फार काळ जिवंत राहते. तिचं कडं भिंतीवर फुटव्यांनी भरेल, त्यामुळे ती लावायलाच बरी.

ओळख नसलेल्या वेलीला मात्र हात लावू नये, हे मी अगदी कळकळीने सांगते. उत्तर अमेरिकेतल्या पॉयझन आयव्हीमध्ये युरुशिओल नावाचं तेल असतं. वेल मेल्यावर आणि पानं झडल्यावरही ते कांडावर टिकून राहतं आणि त्वचेवर फोड आणतं. ती जाळली तर धूर फुप्फुसात जातो, ते आणखी वाईट. कण्हेरीची पानं वाळल्यावर छान दिसतात आणि वाळल्यावरही विषारीच असतात. गुंजेच्या लाल-काळ्या बिया बघून कोणालाही वाटेल की याच बांधाव्यात. त्यांत अ‍ॅब्रिन आहे, चावून फुटलेली एक बीसुद्धा लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते. माझ्या कड्यांवर गुंज नसते. पूर्व आशियातून अमेरिकेत गेलेल्या सेलास्ट्रस ऑर्बिक्युलेटस या वेलीची गोष्टही इथे सांगण्यासारखी आहे. तिची पिवळ्या सालीतली लाल फळं कड्यांवर इतकी खुलतात की लोकांनी ती भरपूर वापरली. टाकून दिलेल्या कड्यांतल्या बिया पक्ष्यांनी नेल्या, आणि आता ती तिथल्या जंगलांत झाडांना वेढून गुदमरवणारी आक्रमक वेल आहे. बिया असलेली आणि आपल्या भागातली नसलेली वस्तू बांधण्याआधी एवढा विचार करावाच.

सजावटीचं सामान मी वर्षभर थोडं थोडं गोळा करते. कोंबड्याचे तुरे, जांभळी गोम्फ्रेना, स्टॅटिस आणि स्ट्रॉफ्लॉवर ही माझी ठरलेली फुलं. स्ट्रॉफ्लॉवरच्या पाकळ्या म्हणून आपण बघतो ती खरं तर सहपत्रं, म्हणजे फुलाला लागून येणारी पानं असतात, झाडावर असतानाच कागदी. ती वाळतानाही उमलत राहतात, म्हणून फूल अर्धवट मिटलेलं असतानाच तोडायचं. पूर्ण उमललेलं तोडलं तर वाळेपर्यंत मागे दुमडून पिवळा गाभा उघडा पडतो. फुलांच्या लहान जुड्या करून अंधाऱ्या, हवेशीर जागी उलट्या टांगते. उलट्या, म्हणजे देठ सरळ वाळतात. अंधारात, म्हणजे रंग उडत नाही. जुडीला रबर बँड लावते, कारण देठ आक्रसले की दोऱ्यातून निसटतात आणि रबर त्यांच्याबरोबर आवळत जातं. गवताचे तुरे पूर्ण पिकायच्या आधीच कापते. पिकलेले तुरे हात लागला की झडतात.

पानांना ग्लिसरीन. एक भाग ग्लिसरीन, दोन भाग गरम पाणी, त्यात ताज्या फांदीचं टोक ठेचून उभं करायचं. पान ते मिश्रण पिऊन घेतं, आतल्या पाण्याची जागा ग्लिसरीन घेतं आणि पान दोन-तीन आठवड्यांत गडद, पण लवचीक होतं. निलगिरीला हे फार मानवतं. झाडावरच पिकून सुकायला लागलेलं पान पीत नाही, त्यामुळे फांदी भरात असतानाच आणावी.

पाइनची शंकू-फळं पावसात सापडली तर मिटलेली असतात. त्यांच्या खवल्यांचे दोन थर ओलाव्याने कमी-जास्त फुगतात, म्हणून ओली असताना ती मिटतात आणि वाळली की उघडतात. मी ती 95 अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये अर्धा तास ठेवते, आणि त्या वेळी तिथून हलत नाही. शंकू उघडतात, आत किडे असले तर मरतात, चिकट राळ वितळून खवल्यांवर चकाकी येते. ताम्हणाची वाळलेली बोंडं उकलून चांदणीच्या आकाराची होतात. ती मला कुठल्याही फुलाइतकीच आवडतात.

बांधण्यासाठी 0.6 मिलिमीटरच्या आसपासची मऊ तार रिळासकट वापरते, तुकडे करत नाही. तीन-चार देठांची लहान जुडी, तिला तारेचे दोन वेढे, पुढची जुडी आधीच्या देठांवर. फुलांचा कल काड्यांच्या पिळाच्या दिशेनेच ठेवायचा. एवढं सांभाळलं की सजावट वेलीतूनच फुटल्याचा भास होतो. शंकूला सगळ्यात खालच्या खवल्यांच्या ओळीतून तार घालायची, ती दिसतही नाही. ग्लू गन माझ्याकडे आहे, पण कड्यांना मी ती लावत नाही. उन्हाच्या भिंतीवर तो डिंक मऊ होतो आणि शंकू खाली येतात. शिवाय काही बदलायचं म्हटलं तर फूल निघत नाही, तुटतं.

किती झाकायचं? माझं उत्तर, एक तृतीयांश. बाकीचं कडं उघडं. पूर्ण भरलेलं कडं कोणी आवडीने केलं तर मी नाही म्हणणार नाही, पण मग आत वेल आहे की तारेची रिंग याने काय फरक पडतो? सजवलेला भाग कुठे यावा ते कडंच सांगतं. पूर्ण झालेलं कडं एका खिळ्यावर सैल अडकवून सोडून द्यायचं, जड बाजू आपोआप खाली येते. तिथे वरच्या अंगाला टांगण्याची तार बांधली की कडं पुढे कधी फिरत नाही.

प्राचीन ग्रीसमध्ये ऑलिम्पियाला जिंकणाऱ्याला जंगली ऑलिव्हच्या डहाळीचं कडं मिळायचं, डेल्फीला लॉरेलचं. ती हिरव्या पानांची, त्या दिवसाच्या मानाची कडी होती. वाळलेल्या काड्यांचं कडं वर्षानुवर्षं राहतं, पण त्याला एक धोका असतो, आगीचा. हॅम्बुर्गमध्ये योहान हिन्रिख विखर्न यांनी 1839 मध्ये मुलांसाठी गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या लावल्या आणि नाताळाआधीच्या आठवड्यांत लावायच्या अ‍ॅडव्हेंट कड्याची प्रथा तिथून पुढे पसरली. तसं आडवं कडं टेबलावर सुंदर दिसतं, पण सुकी काडी, सुकं गवत आणि ज्योत एकत्र ठेवायला माझं मन घेत नाही. मेणबत्ती हवीच असेल तर मी कड्याच्या मधल्या मोकळ्या जागेत, उंच काचेच्या भांड्यात ठेवते आणि आसपास तुरे ठेवत नाही.

कडं पावसापासून आणि थेट उन्हापासून दूर ठेवावं. पावसाने बुरशी येते, उन्हाने फुलांचा रंग जातो. धूळ हेअर ड्रायरच्या थंड हवेने, लांबून. काडीवर टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि खाली बारीक पीठ दिसलं तर लाकूड पोखरणारे किडे आत आहेत. कडं पिशवीत बंद करून उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवलं की बहुतेक वेळा प्रश्न मिटतो. फुलं फिकी पडली की तार उलगडून ती काढते आणि त्याच कड्यावर नवीन बांधते. तार पुन्हा रिळावर जाते. काड्या अगदीच ठिसूळ झाल्या तर कडं सिकेटरने बोटभर तुकडे करून खताच्या ढिगात घालते. लाकूड सावकाश कुजतं, म्हणून वर ओला पाला टाकते, आणि टाकण्याआधी तारेचा एखादा तुकडा आत राहिला नाही ना, हे हाताने चाचपून बघते.